पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर मुंढ्यापासून खाली मोजायचा

एकरंगी स्वेटर आपल्या पुष्कळ चुका पोटात घालतो. पाठ दोन ओळींनी लांब झाली तर शिवताना जराशी चेपून बसवायची, कोणाला पत्ता लागत नाही. पट्टे आले की ही सोय संपते. मला विणायला शिकवणारी आत्या म्हणायची, पट्ट्यांचा स्वेटर म्हणजे अंगावर घातलेली फूटपट्टी. ते मला कळायला एक अख्खा स्वेटर वाया जावा लागला.

तो स्वेटर अंगावर नीट बसत होता. पण हात सरळ सोडून उभी राहिले की छातीवरच्या निळ्या पट्ट्याशेजारी दंडावरचा पांढरा पट्टा यायचा, त्याच्याखाली उलटं. म्हणजे धड जुळलेले नाहीत आणि मुद्दाम वेगळे ठेवलेत असंही वाटत नाही. कारण साधं होतं. अंगाचे आणि बाहीचे पट्टे मी खालच्या बॉर्डरपासून एकाच क्रमाने सुरू केले होते. पण बॉर्डरपासून मुंढ्यापर्यंत, म्हणजे काखेशी बाही जोडतात तिथपर्यंत, अंगाची लांबी वेगळी, बाहीची वेगळी. दोन्ही मुंढ्याला पोचले तेव्हा एक निळ्यात होतं, एक पांढऱ्यात.

म्हणून यंदाच्या स्वेटरचा सगळा हिशेब मी मुंढ्यापासून खाली केला. तोच इथे सांगते आहे. विणायचं खालूनच वर, पण कागदावर वरून खाली यायचं. सुलट-उलट टाका, टाके वाढवणं, कमी करणं, बंद करणं एवढं येत असेल तर हा स्वेटर जमतो.

लोकर आणि रंग

मी साय रंगाची आणि गडद निळी अशी दोन रंगांची लोकर घेतली. जाडी डीके, म्हणजे मध्यम. ४ मिमीच्या सुयांवर १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके बसतात ती. दोन्ही रंग एकाच जाडीचे, एकाच जातीच्या लोकरीचे हवेत. एक शुद्ध लोकर आणि दुसरं ॲक्रिलिक असं करू नका. धुतल्यावर दोन्ही आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात आणि पट्टे एकाआड एक फुगतात. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा, म्हणजे एकदम रंगवलेल्या खेपेचा नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना बघून घ्या. पांढरा-सायीचा रंग सगळीकडे सारखाच असणार असं वाटतं, पण दोन लॉटमधला फरक सगळ्यात जास्त त्यातच उठून दिसतो.

छाती १०० सेंटिमीटर भरणाऱ्या स्वेटरला डीके लोकर साधारण १२०० मीटर लागते. पट्टे २:१ प्रमाणात ठेवले आणि बॉर्डरही फिक्या रंगाची केली तर १२० मीटरच्या गुंड्यांचे फिके ८ आणि गडद ४ घ्यावेत. थोडे उरतात. उरलेले बरे, संपलेले नकोत.

दोन रंग शेजारी खुलतील की नाही, हे बघायला फोनवर त्यांचा काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत दोन्ही गुंडे सारखेच करडे दिसले तर पट्टे लांबून विरून जातात, मग रंग कितीही वेगळे असोत. आणि गडद लोकरीचा हातभर धागा ओला करून पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी फडक्यावर डाग दिसला तर ती लोकर फिक्या रंगाशेजारी वापरूच नका. मरून आणि पांढऱ्या लोकरीचा एक टोपीचा सेट पहिल्याच धुण्यात गुलाबी झालेला मी पाहिला आहे. तो माझाच होता.

सुयांबद्दल एक गोष्ट. घरातल्या जुन्या सुयांवर मिलिमीटर नसतात, नंबर असतो, आणि तो उलटा चालतो. नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नमुन्यात मात्र नंबर वाढला की सुई जाड होते, तिथे ४ मिमीला ६ नंबर म्हणतात. नमुना कुठला आहे ते बघूनच सुई हातात घ्या.

नमुन्याचा तुकडा

तुकडा विणायचा कंटाळा मलाही येतो. पण पट्ट्यांच्या स्वेटरला तो विणावाच लागतो, आणि पट्ट्यांसकटच. कारण इथे टाक्यांइतक्याच ओळी महत्त्वाच्या. एकरंगी स्वेटरमध्ये ‘३२ सेंटिमीटर होईपर्यंत विणा’ म्हटलं की भागतं, इथे ओळी आधी ठाऊक असाव्या लागतात. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, सपाट वाळवा, आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये मोजा. माझे आले २२ टाके आणि ३० ओळी. साध्या सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून ओळींचा आकडा नेहमी मोठा येतो.

पट्टा केवढा ठेवायचा ही आवडीची बाब आहे. फ्रेंच नौदलाने १८५८ मध्ये खलाशांच्या पट्टेरी सदऱ्याचं मापच ठरवून दिलं होतं: पांढरा पट्टा २० मिलिमीटर, निळा १०. मला हे २:१ प्रमाण फार आवडतं, कारण त्यात फिका रंग कापड होतो आणि गडद रंग रेघ होतो. सारख्या रुंदीच्या पट्ट्यांत दोघं भांडत राहतात. मी ८ ओळी साय, ४ ओळी निळ्या घेतल्या. १२ ओळींची एक जोडी, म्हणजे बरोबर ४ सेंटिमीटर. या ४ च्या आकड्याने पुढचं सगळं गणित सोपं केलं.

ओळी समच ठेवा. रंग नेहमी एकाच कडेला बदलता येतो आणि धागा तोडावा लागत नाही. तीन ओळींचा पट्टा केलात तर धागा दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. गोल सुई किंवा दोन्ही टोकं उघडी असलेली सुई असेल तर टाके सरकवून त्या टोकापासून विणता येतं, पण पहिल्या स्वेटरला हा व्याप कशाला?

गणित

माझी छाती ९२. त्यात ८ सेंटिमीटर मोकळीक, म्हणजे १००. पाठ ५० सेंटिमीटर, दर सेंटिमीटरला २.२ टाके, म्हणून ११०. दोन कडांचे दोन टाके शिवणीत जातात, एकूण ११२. पुढचा भागही तेवढाच.

बाही मी रॅगलन ठेवली, म्हणजे जिची शिवण मुंढ्यापासून गळ्यापर्यंत तिरकी जाते ती. पट्ट्यांना सगळ्यात सोयीची तीच. साध्या बसवलेल्या बाहीचा वरचा घुमट आणि मुंढ्याची खोली यांच्या ओळी सारख्या नसतात, म्हणून काहीही केलं तरी तिथे पट्टे थोडे हुकतात. रॅगलनमध्ये मुंढ्यापासून गळ्यापर्यंत अंगाच्या आणि बाहीच्या ओळी एकास एक. मुंढ्याला जुळलं की वर सगळं जुळलंच.

तर मुंढ्याला सगळ्या तुकड्यांची निळ्याची चौथी ओळ संपलेली हवी, हे पक्कं धरलं. अंग बॉर्डरच्या वर ३२ सेंटिमीटर हवं होतं. ९६ ओळी, बरोबर ८ जोड्या, काहीच करायला नको. बाही बॉर्डरच्या वर ३९ सेंटिमीटर हवी होती. ११७ ओळी. सम करून ११६ घेतल्या. त्यात ९ जोड्यांच्या १०८ ओळी जातात आणि ८ उरतात. या ८ ओळी खाली, मनगटाकडे टाकायच्या. जोडीच्या शेवटच्या ८ ओळी कुठल्या? सायच्या ४ आणि निळ्या ४. म्हणजे बाहीची बॉर्डर संपली की आधी ४ ओळी साय, ४ निळ्या, आणि तिथून पुढे ८-४ च्या ९ जोड्या. मनगटावरचा हा पहिला पट्टा अर्धाच येतो. बॉर्डर सायचीच असल्यामुळे तो तिच्यात मिसळून जातो आणि दिसतही नाही.

ही एवढीच युक्ती. तुमची मापं वेगळी असतील, पण पद्धत तीच: बाहीच्या एकूण ओळींना जोडीच्या ओळींनी भागा, जी बाकी उरेल तेवढ्या ओळी जोडीच्या *शेवटाकडून* घ्या आणि त्यांनी सुरुवात करा.

विणताना

बारीक सुयांवर ११२ टाके घाला आणि एक सुलट, एक उलट अशी ६ सेंटिमीटर बॉर्डर विणा. मग ४ मिमीच्या सुया. सुलट बाजूला सुलट, उलट बाजूला उलट, ८-४ चे पट्टे. बाहीला ५० टाके घालून तशीच बॉर्डर करा. पुढे दर आठव्या ओळीत दोन्ही कडांना कडेचा एक टाका सोडून एकेक टाका वाढवा. असं १३ वेळा करायचं म्हणजे ७६ टाके होतात. शेवटच्या १२ ओळी साध्या.

रंग कायम सुलट बाजूच्या ओळीच्या सुरुवातीला बदला, आणि नव्या रंगाची पहिली ओळ सगळी सुलट विणा. उलट टाक्यात रंग बदलला तर जुन्या रंगाचे ठिपके वर येतात. उलट बाजूला ते दिसतातच, आणि ते तिथेच राहायला हवेत. कोणाला बॉर्डरमध्येच पट्टे हवे असतील तर रंग बदलण्याची एक ओळ पूर्ण सुलट विणा आणि पुढच्या ओळीपासून परत एक सुलट, एक उलट सुरू करा. एका ओळीने बॉर्डरची लवचीकता जात नाही.

आता कडेचा धागा. इथे मात्र हळू चला. निळा पट्टा संपला की निळा धागा तोडायचा नाही, तो कडेने वर न्यायचा. पण मध्ये सायच्या ८ ओळी आहेत. तेवढा लांब धागा मोकळा सोडला तर तो लोंबतो आणि बोटं अडकतात. म्हणून दर दुसऱ्या ओळीला, सुलट ओळ सुरू करण्याआधी, थांबलेला निळा धागा चालू सायच्या धाग्याखालून घ्या आणि एक वेढा द्या. वेढा दिला की विणकाम जरा खाली ओढून कड सपाट करा आणि निळ्या धाग्याला तिथे ढिलं निजू द्या. ताणलेला दिसला तर लगेच सैल करा, पुढच्या ओळीची वाट बघू नका. माझ्या पहिल्या स्वेटरची एक कड दुसरीपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर आखूड झाली होती ती याच धाग्यामुळे. विणताना काहीच कळत नाही, तुकडा सपाट पसरला की एका बाजूने होडीसारखा उचलला जातो.

मुंढ्याला चारही तुकड्यांच्या दोन्ही कडांना ५-५ टाके बंद करा. दोन ओळी जातात. अंगाचे १०२ राहतात, बाहीचे ६६. त्यापुढे दर दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी, ३० वेळा. पाठीला ४२ टाके उरतात, बाहीला ६. पुढच्या भागाला २२ वेळा टाके कमी केल्यावर, ५८ टाके असताना, गळा सुरू करा. मधले २२ टाके जादा सुईवर ठेवून दोन बाजू वेगळ्या विणा. गळ्याच्या कडेला आधी ३, मग २, मग एकेक असे चार वेळा कमी करा, आणि बाहेरच्या कडेचं कमी करणं चालूच ठेवा. शेवटी एक टाका उरतो, तो बंद. वरच्या शेवटच्या दोन ओळी सायच्या येतात, त्यामुळे गळपट्टी सायची केली की सांधा दिसत नाही. हे मी ठरवलं नव्हतं, हिशेबातून आपोआप आलं आणि मी उगाच खूश झाले.

ज्यांना गोल सुईवर, शिवणीशिवाय विणायला आवडतं त्यांच्यासाठी: गोल विणताना फेरे जिन्यासारखे चढतात, म्हणून प्रत्येक पट्टा जिथे सुरू होतो तिथे एक पायरी दिसते. नव्या रंगाचा पहिला फेरा नेहमीसारखा विणून दुसऱ्या फेऱ्याचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर घेतला की ती पायरी बरीच मोडते. मी मात्र तुकडे करूनच विणते. तुकडा मांडीवर मावतो.

शिवण, आणि सापडलेली चूक

शिवण सुलट बाजूने घाला. दोन्ही कडा शेजारी ठेवून, कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये जी आडवी दांडी असते ती एकदा या बाजूची, एकदा त्या बाजूची अशी सुईने उचलत जायची. चार-पाच दांड्या झाल्या की धागा ओढा, चेन लावल्यासारख्या कडा मिटतात. पट्ट्यांचा स्वेटर शिवायला एकरंगीपेक्षा सोपा असतो, कारण कुठे चुकलो ते रंगच सांगतो.

मला त्याने सांगितलंच. डावी बाजू खालून शिवत आले, पाच पट्टे सुरेख जुळले. सहाव्याला पुढच्या भागाचा निळा संपला आणि पाठीचा निळा अजून चालूच. आधी वाटलं दांडी चुकली. उसवून परत शिवलं. परत तेच. मग मोजलं. पाठीच्या सहाव्या निळ्या पट्ट्यात ओळी सहा.

याला रीतसर उपाय आहे. त्या पट्ट्यात मधल्या ओळीचा एक टाका कात्रीने कापायचा, ती ओळ टाक्याटाक्याने सोडवायची, खालचे आणि वरचे मोकळे टाके दोन सुयांवर घ्यायचे, खालच्या तुकड्याच्या आणखी दोन ओळी उसवायच्या आणि दोन्ही तुकडे जाड शिवणसुईने टाक्याला टाका जोडायचे. दोन ओळी जादा असल्या तरी तीन काढायच्या, कारण जोडताना एक ओळ आपोआप तयार होते. मी हे नमुन्याच्या तुकड्यावर करून पाहिलं. जमलं. मग पाठ समोर घेतली, कात्री उघडली, आणि पंधरा मिनिटं तशीच बसून ती परत डब्यात ठेवली. शिवणीतच भागवलं: त्या पट्ट्यात दोनदा पुढची एक दांडी आणि पाठीच्या दोन दांड्या एकदम उचलल्या. तिथे बारीकशी चुणी आली.

बाकी शिवण, गळ्याभोवती शंभरेक टाके उचलून अडीच सेंटिमीटरची पट्टी, धाग्यांची टोकं आपापल्याच रंगाच्या पट्ट्यात ओवून टाकणं, यात एक आठवडा गेला. मग कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि मापात पसरून सपाट वाळवला. दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीचं वजन तिला खाली खेचतं.

झाल्यावर

सगळे टाके मोजले तर पंचावन्न हजारांच्या आसपास जातात, मला पन्नासेक तास लागले. अंगात घातला, हात सरळ सोडले आणि आरशात बघितलं. छातीवरची निळी रेघ दंडावर अगदी त्याच उंचीवर पुढे जात होती. मी तशीच बराच वेळ हात सोडून उभी होते, पीटीच्या तासाला ‘सावधान’मध्ये उभं करतात तशी.

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, असं ऐकवणारे भेटतातच. हेल्महोल्त्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं आहे की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन रुंद नाही, उलट उंच दिसतो. मी काही चौकोन नाही, पण उत्तर द्यायला बरं पडतं.

तक्रारी दोन. बाह्या धुतल्यावर दीड सेंटिमीटर वाढल्या. लहानशा तुकड्यात हे दिसलं नव्हतं, आख्ख्या बाहीचं वजन खाली ओढतं. दुसरी, सायच्या रंगाची मनगटाची बॉर्डर दोन आठवड्यांत मळली. पुढच्या वेळी मनगट निळं करणार, म्हणजे बाकी उरलेल्या ओळींचा हिशेबही बदलणार: सुरुवातीच्या अर्ध्या पट्ट्याला तेव्हा लपायला जागा नसेल. एक जोडी कमी करून बॉर्डरच लांब करावी की काय, असं चाललं आहे डोक्यात.

आणि तो सहा ओळींचा पट्टा. चुणी पहिल्या धुण्यात बसली. पट्टा पाठीवर आहे, मला दिसत नाही, म्हणून मी विसरूनही गेले होते. मागच्या आठवड्यात जिना चढताना दहा वर्षांची भाची माझ्या मागे होती.

“मावशी, खालून सहावा जाड आहे गं.”

आता प्रत्येक ओळ झाली की वहीत एक रेघ मारते.